कव्हर घातलेली कव्हर स्टोरी

प्रिय बाळाकाका,

काल जनाबियाचं वळण चुकलं. म्हणजे यंदाच्या अंकाची कव्हर स्टोरी ठरली!

ही बातमी नीट समजणारा माणूस एकच होता आणि तो तर निघून गेला. मग सांगू कोणाला? म्हणून आज शनिवारची सकाळ, चहा गार होतोय, आणि मी तुम्हाला पत्र लिहितेय. तुम्हाला जाऊन महिना होत आला. मेसेज आला तेव्हा मी ऑफिसात होते. ‘आपले बाळाकाका गावी वारले. दुपारी जेवून आडवे झाले, ते झोपेतच गेले.’ खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मीही एक जोडी टाकली आणि मीटिंगला गेले. रडू आलं ते तिसऱ्या दिवशी, सिग्नलला शेजारी तुमची होती तशी पांढरी मिनीबस येऊन उभी राहिली तेव्हा.

पण खरं सांगू? हे पत्र काही नुसत्या आठवणींचं नाही. मी तुमच्याशी एकदा खोटं बोलले होते. ते तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्हाला माहीत होतं हे मला या मंगळवारी कळलं. दहा वर्षांनी!

थांबा, नीट सांगते. तुम्ही म्हणायचात ना, ‘पयल्यापासून सांग, मधीच घुसा नको.’

इथे बहरीनमध्ये, हूऱ्यातली आपली शुक्रवारची मराठी शाळा आठवते? ती जागा आपल्याला अकरापर्यंतच मिळायची. अकरा वाजले की खलास, बाक उचला आणि निघा. त्यामुळे ‘शुक्रवार’ या आपल्या मासिकाची, मासिक कसलं, वर्षातून एकदा निघणाऱ्या झेरॉक्सच्या गठ्ठ्याची, संपादकीय बैठक व्हायची तुमच्या बसमध्ये. पुढच्या तीन रांगा संपादक मंडळाच्या. मागे बारकी पोरं. डॅशबोर्डवर तुमचा आमसुलांचा डबा, ज्याला मळमळेल त्याने एक तोंडात टाकायचं. आम्हाला कोणालाच मळमळायचं नाही, पण डबा मात्र अर्ध्या रस्त्यात संपायचा.

सहा दिवस तुम्ही अस्करच्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यात कामगारांची शिफ्ट नेऊन सोडायचात आणि सातव्या दिवशी आम्हाला. सुट्टी अशी तुम्ही घेतलीच नाहीत. आई विचारायची तेव्हा म्हणायचात, सहा दिवस झोपलेली माणसं वाहून नेतो, एक दिवस जागी नेली की बरं वाटतं.

मला त्या प्रवासातलं ऊन अजून दिसतं. ते इथलं पांढरं, धुरकट ऊन, ज्यात समुद्र कुठे संपतो आणि आकाश कुठे सुरू होतं तेच कळत नाही. एसीची घरघर. खजुरीची झाडं मागे मागे जातायत, आणि कोणीतरी अडखळत मराठी वाचतंय. शब्द अडला की तुम्ही समोर बघतच तो पुरवायचात. मी अर्धी झोपेत, अर्धी ऐकत. बस चालतेय की रस्ताच आमच्याखालून सरकतोय, असं वाटायचं. पुढे आयुष्यात कितीतरी चांगल्या गाड्यांत बसले, तसं कधी वाटलं नाही.

आणि मग तो प्रसंग. नऊ वर्षांची शमा, जिचे पप्पा हूऱ्याच्या एका हॉटेलात कुक होते, तिने चार ओळी लिहून आणल्या होत्या. पप्पा लीव्हवर गावी गेले की आम्ही त्यांचा कप उलटा ठेवतो. त्यात धूळ जाऊ नये म्हणून. मम्मी रोज तो धुते. तो घाण नसतो तरी धुते. बस, एवढंच. आम्ही संपादक नाकं मुरडत होतो, कारण कव्हर स्टोरी म्हणजे निदान दोन पानं तरी हवी की नको? तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, ‘काका, जनाबिया!’ आमच्या कंपाउंडकडे जाणारं जनाबियाचं वळण कधीच मागे पडलं होतं. समोर सौदीच्या पुलाचा टोलनाका दिसत होता.

तुम्ही यू-टर्न घेतलात आणि कोणाकडेही न बघता म्हणालात, “वळान चुकला.”

त्या दिवसापासून तो नियमच होऊन गेला. सगळे लेख बसमध्ये वाचायचे. ज्या लेखाला तुमचं वळण चुकेल, ती कव्हर स्टोरी. तुम्ही मात्र शेवटपर्यंत मान्य केलं नाहीत. म्हणे उन्हामुळे पाटी दिसत नाही! दर वर्षी बरोबर एकाच लेखाला ऊन पडायचं का हो? कंपाउंडच्या गेटवर आमच्या आया ताटकळायच्या. माझी आई तर घड्याळ बघून म्हणायची, आज यांना चांगला लेख मिळालेला दिसतोय, जेवायला उशीर होणार.

इथल्या वाळवंटात शेकडो वर्षं एकट्याने उभ्या असलेल्या त्या झाडावर दर वर्षी पाच जण निबंध लिहायचे. ‘ट्री ऑफ लाइफ: निसर्गाचा चमत्कार’. त्या निबंधांना तुमचं वळण कधी चुकलं नाही. उलट आम्ही पाच मिनिटं आधीच पोचायचो.

आता आला माझा नंबर. सोळाव्या वर्षी मी मुख्य संपादक झाले आणि डोक्यात हवा गेली. तुम्ही मला ‘एडिटरबाय’ म्हणायला लागलात, तर मला ती थट्टा आहे हेसुद्धा कळलं नाही. मी लेख लिहिला ‘ट्री ऑफ लाइफ: एक चिंतन’. हसू नका. बसमध्ये मोठ्या आवाजात वाचला, डोळ्यांच्या कोपऱ्यातून तुमच्याकडे बघत. जनाबियाचं वळण आलं. तुम्ही इंडिकेटर दिलात, आरशात बघितलंत आणि अगदी सुरेख वळलात. मला इतका राग आला होता! उतरताना तुम्हाला बायसुद्धा केलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी कव्हर स्टोरी म्हणून माझंच चिंतन लावून टाकलं. मुख्य संपादक मी होते, ड्रायव्हर नव्हे.

पुढच्या शुक्रवारी तुम्ही ती वही दिलीत.

तपकिरी कागदाचं कव्हर, कोपरे नीट दुमडलेले, वर शाळेच्या वहीवर लावतात तसं लेबल. नाव: बाळा. इयत्ता: बस. विषय: कव्हर स्टोरी. आम्ही पोट धरधरून हसलो. ‘काका, कव्हर स्टोरी म्हणजे कव्हर घातलेली स्टोरी नाही हो!’ तुम्हीही हसलात. पण कान लाल झाले होते तुमचे. हे मी तेव्हाच पाहिलं होतं, तरी हसत राहिले. का हसत राहिले?

मी ती वही मासिकाच्या फाइलमध्ये टाकली आणि घरी जाऊन नियमांच्या कागदावर एक नवा नियम लिहिला. ‘लेखक विद्यार्थी असावा.’ छान वळणदार अक्षरात.

दोन शुक्रवार तुम्ही काही बोलला नाहीत. तिसऱ्या शुक्रवारी, मी शेवटची उतरत होते तेव्हा, आरशात बघत विचारलंत की वाचलीस का. मी म्हटलं, हो काका, वाचली, छान आहे.

“शेवट कसो वाटलो?”

“शेवट तर फारच छान.”

तुम्ही म्हणालात, “बरां.” आणि दार बंद केलंत.

पुन्हा कधी तुम्ही त्या वहीचं नाव काढलं नाहीत. मला वाटलं, चला, सुटले. मी कॉलेजला पुण्याला गेले, नोकरीसाठी परत बहरीनला आले, आता शुक्रवारी मीच त्या शाळेत शिकवते, मुलं मला मिस म्हणतात. दोन वर्षांपूर्वी तुमचा व्हिसा संपवून तुम्ही गावी निघालात, तेव्हा खजुराचा डबा द्यायला आले होते. त्या दिवशीसुद्धा तुम्ही एवढंच विचारलंत की एडिटरबाय, मासिक चालू आसा मां? मी म्हटलं, चालू आहे. तुम्ही मान हलवलीत. रागवायचं होतंत एकदा तरी! मला झापायचं होतंत. तुम्ही माझी एवढी भीड का ठेवलीत?

या मंगळवारी शाळेचं जुनं कपाट रिकामं करत होते. आमच्या वेळच्या फाइलींच्या खाली तपकिरी कागद दिसला. तिथेच फरशीवर बसून वाचायला घेतली.

काका, काय लिहून ठेवलंय हे तुम्ही!

पहाटेची शिफ्ट. हूऱ्याहून बस निघते आणि अस्करच्या वाटेवरच्या पुलावर येईपर्यंत सगळी माणसं झोपतात. आणि झोपेत बोलतात. कोण काय बोलतं ते तुम्ही एकेक पान करून लिहिलंय, समजलं ते आणि नाही समजलं तेही. ‘मागच्या सीटवरचो जाधव रोज म्हणता, दार लावून घे गो. खंयचा दार ता माका ठावक नाय.’ केरळचा एक कुट्टी आहे, गाडी वळली की तो ‘अम्मे’ म्हणतो. ‘माका तेची भाषा येना नाय, पण अम्मे समाजता.’ चिपळूणचा एक फिटर जागेपणी कडक हनुमानभक्त, आणि झोपेत प्रत्येक खड्ड्याला ‘इंशाल्ला’ म्हणतो. एक जण नुसता ‘मफी, मफी’ करतो, नाही, काही नाही, आणि तुम्ही लिहिलंय की याला झोपेत कोण काय मागत असेल? एक बंगाली माशाचं नाव घेतो आणि हसतो. बाहेर अजून उजाडलेलं नाही, लांब कारखान्याचे दिवे दिसायला लागलेत, आणि तुम्ही ब्रेक अलगद दाबताय. कारण गाडीला हिसका बसला की बोलणं तुटतं.

वाचता वाचता मला वाटलं, मीच त्या बसमध्ये आहे. सगळ्यांची घरं त्या अंधाऱ्या सीटांवर येऊन बसली आहेत, दारं, मासे, आया, आणि तुम्ही ती सगळी अस्करला घेऊन चाललाय. कोणीतरी येऊन विचारलं, बरं वाटत नाहीये का?

मग शेवटचं पान उलटलं.

‘सगळ्यांचा लिवलंय. गाडयेत जागो मी एकटोच. मी झोपेत काय बोलतंय, ता माका कोण सांगतलो? हेचो शेवट माका येना नाय. चेडवा, शेवट तू कर.’

खाली पान कोरं.

शेवट तर फारच छान, म्हणाले होते मी! ज्या वहीला शेवटच नव्हता. तुम्ही आरशातून माझ्याकडे बघत होतात आणि मी तुम्हाला सांगत होते, शेवट फारच छान. त्या ‘बरां’मध्ये काय होतं ते मला दहा वर्षांनी फरशीवर बसून ऐकू आलं. माफ करा म्हणायलाही तुम्ही जागा ठेवली नाहीत.

काल शुक्रवार होता. यंदाच्या कव्हर स्टोरीची बैठक. बसच बरी पडते, म्हणून अजून बसमध्येच होते. चार लेख होते. गाड्यांच्या शर्यतीवर एक, कॉम्प्युटर आपल्यासाठी निबंध लिहील का यावर एक, ते झाड आहेच, आणि बारा वर्षांच्या इराचा ‘आजीचं कपाळ’. तिची आजी व्हिडिओ कॉलवर फोन असा धरते की फक्त कपाळच दिसतं, त्यामुळे इराला आजीचं कपाळ पाठ आहे. चांगलाच आहे लेख. तोच ठरल्यात जमा होता.

पण तुमच्यासारखं कान देणारं पुढे कोणी नाही ना आता. नवीन ड्रायव्हर आले आहेत, करीमभाई, केरळचे. भला माणूस आहे, मराठी मात्र ओ की ठो नाही. तीनच आठवडे झालेत, त्यामुळे वळणं आम्ही सांगायची, तेव्हा ते वळतात.

चौघांचं वाचून झाल्यावर मी वही काढली. मुलांना सांगितलं, ही आपल्या बसच्या जुन्या काकांची. कव्हर बघून हसले तेही. मी पहिलं पान उघडलं. वाचायला लागले. मालवणी त्यांना समजेल की नाही, मला शंका होती. ही पोरं घरी मराठी ऐकतात आणि इंग्रजीत उत्तर देतात. पण जाधवच्या दारापाशी मागची कुजबुज थांबली. इंशाल्लाला सगळे हसले. मग माशापाशी कोणीच हसेना. बस चालली होती. तेच पांढरं ऊन, तीच घरघर. कोरं पान आलं तेव्हा मी थांबले.

करीमभाईंनी हळूच विचारलं, “मॅडम, सौदी जाना है क्या?”

समोर टोलनाका होता. सतरा मुलं आणि एक मिस, एकालाही जनाबिया दिसलं नव्हतं.

काका, मी सगळ्यांसमोर रडले. सांगून टाकलं त्यांना, मी काय केलं होतं ते. सगळं, खोट्यासकट. त्यांच्यात अद्वैत म्हणून एक वकील आहे, वय अकरा. त्याने फाइल उघडली आणि नियम वाचला, लेखक विद्यार्थी असावा. मग माझ्याकडे बघून म्हणाला, मिस, धिस इज युअर हँडरायटिंग. माझंच अक्षर, माझाच नियम. मी म्हटलं, खोडून टाकू या. पण इराने वही हातात घेतली, लेबलवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “बट ही वॉज इन अ क्लास, मिस. इयत्ता, बस.”

स्वतःचा लेख मागे पडणार हे तिला कळत होतं. मी विचारलं तेव्हा खांदे उडवून म्हणाली, माइन कॅन वेट, आजी इज नॉट गोइंग एनीव्हेअर. तिच्या आजीला आयुष्य लाभो.

एवढं झालं, पण शेवट राहिलाच होता. तुम्ही मला दिलेलं काम. मनाने काही लिहिणं मला जमेना. पुन्हा खोटं कसं बोलू? म्हणून आज सकाळी काकींना फोन लावला. काकींना माझं नावही माहीत नसेल, असं वाटलं होतं. तर त्या म्हणाल्या, “कोण, एडिटरबाय?”

मी घाबरत घाबरत विचारलं की काका झोपेत बोलायचे का हो. त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, गावी आल्यापासून रोज. दुपारी जेवून आडवे झाले की सुरू. “म्हणत, जनाबिया इला, उतरा रे पोरांनो. दोन वर्षां मी मनात म्हणतंय, मेली ही जनाबाय कोण?”

हूरा सांगितलात त्यांना, अस्कर सांगितलात, जनाबिया सांगायचं राहिलंच ना? मी सांगितलं, काकी, ती बाई नाही, आमच्या कंपाउंडचा स्टॉप आहे. बराच वेळ त्या हसत होत्या. मग हसणं कधी थांबलं ते कळलं नाही. म्हणाल्या, आणखी एक म्हणायचे, ‘वाच गो. परत वाच.’ त्यांना वाटायचं, आपल्यालाच सांगतायत. मग त्या भिंतीवरचं कॅलेंडर काढायच्या आणि त्याच्या मागच्या पानावरचं काहीबाही वाचत बसायच्या. लोणच्याची कृती, राशिभविष्य. तुम्ही शांत झोपायचात.

मला फोन ठेवायचा धीर होत नव्हता आणि पुढचं विचारायचाही. त्यांनी आपणहून सांगितलं. त्या शेवटच्या दुपारीही त्या वाचतच होत्या. मध्येच तुम्ही झोपेत हसलात.

“म्हणाले, वळान चुकला. आणि गप झाले.”

काका, कोणता लेख चालला होता हो तिथे?

तर हे माझं वचन. यंदाचा ‘शुक्रवार’ तपकिरी कागदाच्या कव्हरात निघेल, प्रत्येक प्रतीवर लेबल, आणि कोपरे मुलं स्वतः दुमडतील. कव्हर स्टोरी तुमची, तुमच्याच मालवणीत, एक काना इकडचा तिकडे न करता. लेखक: बाळा, इयत्ता: बस. कोऱ्या पानावर काकींनी सांगितलं तेवढंच लिहीन, जनाबाईसकट, माझ्या पदरचं काही घालणार नाही. पहिली प्रत काकींना जाईल. मी त्यांना फोनवर सगळी वाचून दाखवीन, दुपारी, जेवणं झाल्यावर, तुमच्या वेळेला. परत वाच म्हणाल्या तर परत वाचीन.

आणि आता विचारा मला, शेवट कसो वाटलो. या वेळी मी तो वाचला आहे.

तुमची,
एडिटरबाय श्रुती
जनाबिया, शेवटचा स्टॉप